चिनी दोरीच्या उड्या: इतिहास, शाळा, स्पर्धा आणि व्यायाम. वारंवार विचारले जाणारे प्रश्न

चीनमधल्या दोरीच्या उड्यांबद्दल वाचक पुन्हा पुन्हा विचारतात ते प्रश्न इथे एकत्र केले आहेत. सुरुवातीला इतिहास, मग तिथल्या शाळा व स्पर्धा, आणि त्यानंतर शरीर, दोरी व सराव असा क्रम आहे. ज्यांना उद्यापासून उड्या मारायला सुरुवात करायची आहे, त्यांनी आधी प्रश्न १५ ते १८ वाचावेत आणि इतिहासाकडे मागाहून वळावे.

१. दोरीच्या उड्या मुळात चीनमधूनच आल्या का?

याचे श्रेय एका देशाला देता येत नाही. दोरी वळणारी माणसे जिथे होती, तिथे मुलांनी तिच्यावरून उड्या मारल्याच असणार. चीनचे वेगळेपण त्याच्याकडच्या लिखित नोंदींत आहे. उडी कशी मारायचे, दोरी कोण धरायचे, चुकले तर काय व्हायचे, हे तिथल्या जुन्या ग्रंथांत स्पष्ट वाचायला मिळते. समाजमाध्यमांवर फिरणारे ‘हजारो वर्षांची चिनी परंपरा’ छापाचे आकडे बाजूला ठेवा. हातात असलेला पुरावा सहाव्या शतकातल्या मुलांबद्दलचा आहे आणि तोही पुरेसा जुना आहे.

२. सर्वांत जुनी स्पष्ट नोंद कोणती आणि तिच्यात नेमकं काय लिहिलंय?

उत्तर छी घराण्याने इ.स. ५५० ते ५७७ या काळात उत्तर चीनवर राज्य केले. त्या घराण्याचा अधिकृत इतिहास ली बायआओ याने थांग काळात, ६३६ मध्ये पूर्ण केला. राज्याच्या अखेरच्या दिवसांबद्दल लिहिताना त्यात म्हटले आहे की, खेळणारी मुले दोन्ही हातांत दोरी धरून ती जमिनीला घासून वर नेतात, उडी मारतात आणि ‘गाओ मो’ असे गातात. गाओ हे राजघराण्याचे आडनाव होते आणि मो म्हणजे शेवट. घराणे बुडाल्यावर इतिहासकाराला त्या बालगीतात अपशकुन दिसला.

पोरांचा खेळ राजघराण्याच्या इतिहासात शिरला तो या अपशकुनामुळे. आपल्या दृष्टीने महत्त्वाचे वर्णन त्याआधीचे आहे: एकाच मुलाच्या दोन्ही हातांत दोरी, जमिनीवरून फिरणारा फेरा आणि उडीच्या तालावर गाणे.

३. मोठ्या दोरीवर अनेकांनी उडी मारण्याचा खेळ किती जुना आहे?

मिंग काळातल्या बीजिंगच्या दोन उत्तम नोंदी आहेत. वानपिंग परगण्याचा अधिकारी शन बांग याने १५९३ मध्ये आपल्या कारकिर्दीतली टिपणे प्रसिद्ध केली. त्याने दिलेले वर्णन जवळजवळ नियमावलीच आहे. चिनी वर्षाच्या पहिल्या महिन्याच्या सोळाव्या दिवशी दोन मुले एक झांगहून थोडी मोठी, म्हणजे साधारण सव्वातीन मीटरची दोरी समोरासमोर धरतात. ती इतक्या वेगाने फिरवतात की नजर ठरत नाही आणि एका दोरीच्या शंभर भासतात. बाकीची मुले आळीपाळीने तीवरून उड्या मारतात. पार होईल तो जिंकला. जो अडकेल त्याला दोरी फिरवणारे त्याच दोरीचा फटका देतात.

दुसरी नोंद १६३५ ची, ल्यू थोंग आणि यू यीझंग यांच्या बीजिंगवरच्या पुस्तकातली. तिच्यात दोन मुले फिरवत असलेल्या दोरीला पांढऱ्या प्रकाशाचे चाक म्हटले आहे, आणि तिसरे मूल त्या प्रकाशात उड्या मारते आहे. दोन्ही नोंदी चिनी दिव्यांच्या सणाच्या, म्हणजे वर्षाच्या पहिल्या पौर्णिमेच्या आसपासच्या दिवसांतल्या आहेत.

४. तेव्हाचे लोक आरोग्यासाठी उड्या मारायचे का?

या नोंदींत तसे कुठेही म्हटलेले नाही. त्या मुलांच्या खेळाबद्दल आणि सणाबद्दल बोलतात. त्याच सोळाव्या तारखेला बीजिंगच्या बायका रात्री घोळक्याने बाहेर पडत, पूल ओलांडत आणि वर्षभराच्या व्याधी मागे टाकल्या असे मानत. आरोग्याची भावना त्या चालण्याशी जोडलेली होती. दोरीच्या उड्यांचे नाते पैजेशी आणि हशाशी होते. मिनिट, नाडी, कॅलरी यांची भाषा दोरीला चिकटली ती विसाव्या शतकात, शाळेतल्या शारीरिक शिक्षणासोबत. म्हणून ‘प्राचीन चिनी फिटनेसचे रहस्य’ अशी जाहिरात दिसली, तर तिच्यातला ‘प्राचीन’ आणि ‘रहस्य’ हे दोन्ही शब्द खोडून वाचावेत.

५. परदेशात ज्याला ‘चायनीज जंप रोप’ म्हणतात ती हीच दोरी का?

नाही, ते रबराचे लवचीक वेटोळे असते. चीनमध्ये या खेळाला थ्याओ-फी-चिन म्हणतात. दोन मुली समोरासमोर उभ्या राहून ते वेटोळे पायांभोवती ताणून धरतात. तिसरी ठरलेल्या क्रमाने त्यात शिरते, बाहेर येते, इलास्टिकवर पाय ठेवते, ते पायात गुंतवते आणि सोडवते. एक फेरी बिनचूक झाली की इलास्टिक वर चढते: आधी घोटा, मग गुडघा, कंबर, काख, खांदा, डोके आणि शेवटी उंच केलेले हात. सोबतचे सर्वांत प्रसिद्ध गाणे आकड्यांचे आहे. ते २१ पासून सुरू होऊन १०१ पर्यंत जाते, त्यामुळे कोण कुठे चुकले हे आपोआप कळते.

व्यायाम म्हणूनही दोन्ही वेगळे आहेत. इलास्टिकवर कमरेचा सांधा मोकळा होतो, तोल आणि पावलांची नेमकेपणाची समज वाढते, पण आळीपाळीमुळे दम टिकवायचे काम थोडेच होते. यापुढच्या उत्तरांत फक्त फिरत्या दोरीबद्दल लिहिले आहे.

६. चिनी शाळांत दोरीच्या उड्यांची परीक्षा असते हे खरं आहे का?

खरे आहे. विद्यार्थ्यांच्या शारीरिक क्षमतेच्या राष्ट्रीय मानकात (२०१४ ची सुधारित आवृत्ती) पहिली ते सहावीसाठी एका मिनिटाच्या दोरीउड्या ही चाचणी आहे. दोरी पुढच्या दिशेने फिरवायची, दोन्ही पाय जोडून उडी मारायची. एक पूर्ण फेरा आणि त्यावरची उडी मिळून आकडा एकने वाढतो. अडखळलात तर ती उडी धरत नाहीत, पण घड्याळ थांबत नाही. दोरी सावरून लगेच पुढे सुरू करायचे.

पहिलीत पूर्ण १०० गुणांसाठी मुलांना १०९ आणि मुलींना ११७ उड्या लागतात. उत्तीर्ण व्हायला मात्र दोघांनाही १७ पुरतात. सहावीत पूर्ण गुणांची पातळी मुलांसाठी १५७ आणि मुलींसाठी १६६ आहे, तर उत्तीर्ण होण्यासाठी अनुक्रमे ६५ आणि ६६. प्राथमिक शाळेत जादा गुण मिळवून देणारी हीच एक चाचणी आहे. पूर्ण गुणांच्या पुढे प्रत्येक दोन उड्यांना एक, असे जास्तीत जास्त २० गुण मिळतात. म्हणूनच तिथे शंभरपैकी शंभर मिळवलेले मूलही थांबत नाही.

७. मग एकूण निकालात दोरीचं वजन किती?

वाटते त्यापेक्षा कमी. पहिली ते चौथीत २० टक्के, पाचवी-सहावीत १० टक्के. उरलेले गुण उंची-वजनाचे प्रमाण, फुप्फुसांची क्षमता, ५० मीटर धावणे आणि बसून पुढे वाकणे यांना आहेत. तिसरीपासून सिट-अप्स येतात आणि पाचवी-सहावीत ५० मीटरच्या आठ फेऱ्या. दोरीवर एवढे प्रेम करणाऱ्या देशानेही मुलाचा सगळा व्यायाम तिच्यावर सोपवलेला नाही. पालकांनी ही गोष्ट जरूर लक्षात घ्यावी.

८. चीनमध्ये दोरीचे खास क्लास का निघाले?

वरच्या परीक्षेचे दडपण हे एक कारण. दुसरे कारण जुलै २०२१ च्या सरकारी धोरणाचे. त्याने शालेय विषयांच्या खासगी शिकवण्यांवर कडक बंधने आणली आणि सुट्टीच्या दिवशी त्या घ्यायला मनाई केली. मोकळा झालेला वेळ आणि पैसा खेळांकडे वळला. अनेक शहरांत दहावीच्या तोडीच्या प्रवेश परीक्षेतही शारीरिक चाचणीचे गुण धरले जातात आणि काही ठिकाणी तिच्यात दोरी हा पर्याय असतो.

सहा-सात वर्षांच्या निरोगी मुलाला यासाठी क्लासची गरज नसते. प्रश्न १७ मधल्या पायऱ्या घरी रोज दहा मिनिटे केल्या तरी पुरते.

९. खेड्यातल्या शाळेतून विश्वविजेते निघाले म्हणतात, ती शाळा कोणती?

ग्वांगझौ शहराच्या ह्वादू जिल्ह्यातली छीशिंग प्राथमिक शाळा. तिथे मैदान आणि साहित्य तुटपुंजे होते. शारीरिक शिक्षणाचे शिक्षक लाय श्युएनझी यांनी सर्वांत स्वस्त आणि कमी जागेत बसणारा खेळ निवडला, तो दोरीचा. वेगवान खेळाडूंच्या चित्रफिती पाहून त्यांनी उभे राहण्याची पद्धत बदलली. गुडघे वाकवून, कमरेतून पुढे झुकून, जवळजवळ अर्ध्या बैठकीत मुले उड्या मारू लागली. दोरीही बदलली. जाड दोरीऐवजी पातळ पोलादी तार आली.

झुकल्यामुळे दोरीला डोक्यापासून पायांपर्यंत कमी अंतर कापावे लागते, म्हणून दोरी आखूड चालते आणि आखूड दोरी लवकर फिरते. पाय एकाआड एक, जमिनीपासून जेमतेम सुटतील इतकेच उचलले जातात. मूळचा ग्वेइझौ प्रांतातला आणि याच शाळेत घडलेला त्सन श्याओलिन ३० सेकंदांत दोनशेहून अधिक पावले टाकू लागला. २०१५ मध्ये दुबईत झालेल्या शालेय जागतिक स्पर्धेत या मुलांनी बहुतेक सुवर्णपदके जिंकली.

ही अर्धी बैठक काही सेकंदांच्या शर्यतीसाठी आहे. तंदुरुस्तीसाठी दहा मिनिटे उड्या मारताना ती वापरली, तर पाठ आणि मांड्या आधी थकतील. आपण ताठ उभे राहूनच मारावे.

१०. बातमीत एक आकडा आणि व्हिडिओत त्याच्या दुप्पट, असं का?

वेगाच्या शर्यतीत पाय एकाआड एक पडतात आणि पंच फक्त उजवा पाय मोजतात, कारण इतक्या वेगात दोन्ही पाय डोळ्याने मोजणे अवघड असते. त्यामुळे ‘११०’ म्हणजे प्रत्यक्षात २२० पावले. प्रश्न ६ मधल्या शालेय चाचणीत दोन्ही पाय जोडलेले असल्याने दुप्पट करायचा प्रश्नच येत नाही. तुमच्या मुलाच्या आकड्याची तुलना करताना आधी उडीचा प्रकार पाहा.

११. लांब दोरीवर मुलं रांगेनं धावत जातात तो प्रकार कसा खेळतात?

त्याला आठचा आकडा म्हणतात. चिनी शाळांच्या क्रीडादिनातला हा सर्वांत आवडता सांघिक प्रकार. दोघे साधारण ३.६ मीटर अंतरावर उभे राहून दोरी फिरवतात. बाकीची मुले एका फिरवणाऱ्याच्या खांद्याजवळून आत शिरतात, मध्यभागी एकच उडी मारतात, समोरच्या कोपऱ्यातून तिरपे बाहेर पडतात आणि दुसऱ्या फिरवणाऱ्याला वळसा घालून पुन्हा रांगेत येतात. वरून पाहिले तर वाट इंग्रजी आठसारखी दिसते. स्पर्धेत तीन मिनिटांची वेळ असते.

बहुतेक नवे संघ शिरताना फसतात. मूल दोरी वर असताना थांबून राहते आणि खाली येऊ लागली की घाबरून धावते, तिथेच अडकते. दोरी जमिनीवर आपटल्याचा ‘टक्’ आवाज आला की त्याच क्षणी निघायचे. दोरी वर चढत असते तेवढ्या वेळात तुम्ही मध्यभागी पोहोचता. दुसरी चूक बाहेर पडताना होते. उडी जागच्या जागी मारली तर मागचा येऊन धडकतो, म्हणून उडी पुढच्या दिशेनेच हवी. दोरी फिरवणारे दोघे साधारण एका उंचीचे निवडा आणि संघातली सर्वांत स्थिर मुले तिथे ठेवा. वेग त्यांच्या हातात असतो.

१२. ‘चायनीज व्हील’ म्हणजे काय? आम्हा दोघांना शिकता येईल का?

येईल, पण प्रत्येकाला सलग पन्नास साध्या उड्या जमल्या पाहिजेत. दोघे खांद्याला खांदा लावून उभे राहतात. प्रत्येकाची आपापली दोरी असते, पण आतल्या बाजूच्या मुठी अदलाबदल करतात, म्हणजे तुमच्या आतल्या हातात जोडीदाराच्या दोरीची मूठ येते. दोन्ही दोऱ्या अर्ध्या फेऱ्याच्या अंतराने फिरतात. एकाची दोरी पायाखाली असते तेव्हा दुसऱ्याची डोक्यावर.

पहिला दिवस उडी न मारता घालवा. फक्त हात फिरवा आणि ‘एक-दोन, एक-दोन’ मोजा. तुमचे दोन हात एकाच वेळी खाली यायला लागले की चाक मोडते, आणि सवयीने ते तसे येतातच. तुमचा उजवा वर असताना डावा खाली, हे डोळे मिटून जमू लागले की उडी जोडा. उडी मारायची ती बाहेरच्या हातातल्या, म्हणजे स्वतःच्या दोरीवर.

१३. दहा मिनिटं दोरी म्हणजे तीस मिनिटं पळणं, हे खरं का?

हा दावा १९६८ मधल्या एका छोट्या अमेरिकी अभ्यासातून आला आणि चिनी-भारतीय सगळ्या आरोग्य पानांवर पसरला. ऊर्जेच्या खर्चाच्या प्रचलित तक्त्यांप्रमाणे मिनिटाला १०० पेक्षा कमी उड्यांना ८.८ मेट (शांत बसलेल्या शरीराच्या ऊर्जाखर्चाच्या किती पट, ते सांगणारे माप), १०० ते १२० उड्यांना ११.८ मेट आणि त्यापुढच्या वेगाला १२.३ मेट धरतात. साधे जॉगिंग ७ मेट. म्हणजे मध्यम वेगाची दोरी जॉगिंगच्या साधारण पावणेदोन पट पडते, तिप्पट नाही.

६० किलोच्या माणसाचा हिशेब असा: मेट गुणिले वजन गुणिले तास. दहा मिनिटांत संथ वेगाने सुमारे ८८ आणि मध्यम वेगाने सुमारे ११८ किलोकॅलरी. नवशिका दहा मिनिटांतली निम्मी वेळ दम खात असतो, त्यामुळे त्याचा आकडा बराच खाली येतो. पोटाची चरबी फक्त दोरीने उतरत नाही. चरबी शरीर कुठून काढेल हे उडी ठरवत नाही. जेवणाचा हिशेब बदलला नाही, तर शंभर कॅलरी दोन बिस्किटांत परत येतात.

मग दोरीचे खरे लाभ कोणते? कमी वेळात आणि कमी जागेत हृदय-फुप्फुसांना चांगले काम मिळते. पोटऱ्या आणि घोट्यांची ताकद वाढते. हाता-पायांचा ताल जुळतो. सततच्या छोट्या आघातांमुळे हाडांना मजबूत होण्याचा इशारा मिळतो, विशेषतः वाढत्या वयात. छाती, खांदे आणि पाठीला मात्र दोरीतून फारसे काही मिळत नाही. त्यासाठी दंड, ओढण्याचे व्यायाम वेगळे करावेच लागतात.

१४. दोरीने मुलांची उंची वाढते का? चिनी पालक तसं सांगतात.

चिनी पालकांत ही समजूत फार पक्की आहे आणि आपल्याकडेही कमी नाही. उंची मुख्यतः आनुवंशिकतेने ठरते, त्यानंतर आहार, झोप आणि आजारपण. उड्यांनी हाड मजबूत होते, पण लांब होत नाही. भूक आणि झोप सुधारली तर त्याचा फायदा मुलाच्या एकूण वाढीला होतो, इतकेच म्हणता येते. चार वर्षांनंतर आणि वयात येण्यापूर्वी मुलाची उंची वर्षाला ४ सेंमीपेक्षा कमी वाढत असेल, तर दोरी आणण्याआधी बालरोगतज्ज्ञांकडे जा.

उंचीच्या लोभाने रोज दोन-तीन हजार उड्या मारायला लावणे धोक्याचे आहे. आठ ते चौदा वयात टाचेच्या हाडाचा वाढता भाग नाजूक असतो. टाच दाबल्यावर दुखते, मूल चवड्यावर लंगडत चालते, अशी लक्षणे दिसली तर उड्या पूर्ण बंद ठेवाव्यात.

१५. कोणती दोरी घ्यावी? तारेची चांगली का?

शिकणाऱ्याला तारेची नको. चीनमध्ये लहान मुलांच्या हातात बहुतेक वेळा मण्यांची दोरी असते. बांबूच्या पेरांसारख्या प्लॅस्टिकच्या नळ्या दोरीत ओवलेल्या असतात. तिला वजन असते, म्हणून फेरा गोल राहतो. ती जमिनीवर वाजते, म्हणून ताल कानाला कळतो. पायाला लागली तर फारसे दुखत नाही.

- सुती दोरी स्वस्त, पण हलकी असल्याने वर गेल्यावर ढिली पडते आणि ओली झाली की वळत नाही.
- पीव्हीसीची दोरी रोजच्या व्यायामाला उत्तम. नवी असताना तिच्यात वेटोळे राहतात. दहा मिनिटे कोमट पाण्यात ठेवून ताणली की सरळ होते.
- प्लॅस्टिकचे आवरण असलेली तार आणि मुठीत बेअरिंग असलेली दोरी मिनिटाला १२० च्या पुढे गेल्यावर घ्या. तिचा फटका वळ उठवतो. आवरण फाटले की तार लगेच बदला, तुटलेला तुकडा डोळ्याला इजा करू शकतो.
- बिनदोरीच्या वजनी मुठींनी मनगट फिरते आणि दम लागतो, पण उडीची वेळ साधायला शिकता येत नाही. छत ठेंगणे असेल तर त्यांचा उपयोग.

१६. दोरीची लांबी कशी मोजायची?

दोरीच्या मध्यावर एक पाय ठेवा आणि दोन्ही मुठी अंगासरशी वर ओढा. नवशिक्यासाठी मुठींची वरची टोके काखेपर्यंत यावीत, सराव झालेल्यासाठी छातीच्या खालच्या टोकापर्यंत. अंदाज हवा असेल तर उंचीत ९० सेंमी मिळवा. १५० सेंमी उंचीला २४० सेंमी दोरी. सराव वाढला की पाच-पाच सेंमी कमी करा. पण आधी गाठ मारून बघा, कापलेली दोरी पुन्हा वाढत नाही.

१७. मुलाला अजिबात जमत नाही. शून्यापासून कसं शिकवू?

उडी आणि हात वेगवेगळे शिकवा. अडचण बहुधा दोन्ही एकदम करण्यात असते.

पहिल्या दिवशी दोरी नको. दोन्ही पाय जोडून जागच्या जागी वीस उड्या, प्रत्येक उडीला एक टाळी. दुसऱ्या पायरीवर दोन्ही मुठी एका हातात धरून दोरी शरीराच्या बाजूला फिरवायची आणि ती जमिनीवर वाजली की उडी मारायची. उजव्या हाताने झाले की डाव्याने. इथे घाई करू नका, दोन-तीन दिवस लागले तरी चालेल. मग दोरी दोन्ही हातांत, टाचांमागे. डोक्यावरून पुढे आणायची, पायांसमोर थांबू द्यायची, आणि ओलांडायची. हे सलग पाच वेळा झाले की थांबणे काढून टाका.

मुलाला ‘जोरात उडी मार’ सांगू नका. उंच उडीने वेळ चुकते. पाव इंच-अर्धा इंच जाडीची वस्तू पायाखालून जायची आहे, दोन-तीन सेंमीची उडी पुष्कळ झाली. सत्र दहा मिनिटांचे ठेवा आणि मूल रडकुंडीला येण्याआधी थांबवा.

१८. मोठ्या माणसानं सुरुवात कशी करावी?

पाच मिनिटे चालून घोटे आणि पोटऱ्या गरम करा. कोपर अंगाला लागून, हात कमरेच्या रेषेत किंचित पुढे, फेरा मनगटाने. चवड्यावर उतरा, टाच हलकेच टेकली तर चालते. गुडघे किंचित सैल असू द्या.

पहिले दोन आठवडे आठवड्यातून तीन दिवस: २० सेकंद उड्या, ४० सेकंद विश्रांती, अशा आठ फेऱ्या. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात ३० आणि ३०, दहा फेऱ्या. पाचव्या आठवड्यापासून एक मिनिट उड्या आणि ४० सेकंद विश्रांती, सहा ते आठ फेऱ्या. दम महिन्याभरात वाढतो, टाचेमागच्या शिरेला जास्त वेळ लागतो. म्हणून अंगात जोर असला तरी मधला दिवस रिकामा ठेवा. जेवणानंतर दीड-दोन तासांचे अंतर हवे.

१९. मिनिटाला ऐंशीच्या पुढे जातच नाही. काय चुकतंय?

बहुतेकांच्या बाबतीत चार कारणांपैकी एक असते. दोन फेऱ्यांच्या मध्ये एक जादा छोटी उडी पडते, ती बंद केली की आकडा एकदम चढतो. हात खांद्यातून फिरतात. दोरी लांब आहे (प्रश्न १६). किंवा हात दमल्यावर अंगापासून दूर पसरतात, त्यामुळे दोरी वर उचलली जाते आणि नेमकी बोटांना अडकते.

चिनी प्रशिक्षक पूर्ण मिनिटाचा सराव रोज करून घेत नाहीत. १० ते १५ सेकंद पूर्ण वेगाने, मग पूर्ण विश्रांती, अशा सहा-आठ फेऱ्या घेतात आणि आठवड्यातून एकदा पूर्ण मिनिट मोजतात. अडखळल्यावर दोरी सावरून पुन्हा सुरू करण्याचाही वेगळा सराव करा. तिथे जाणारे तीन सेकंद म्हणजे सहा-सात उड्या.

२०. नडगी दुखते, गुडघा दुखतो. थांबवू की चालू ठेवू?

नडगीच्या आतल्या कडेला लांबट भागात दुखत असेल, तर बहुधा उड्यांची संख्या अचानक वाढली आहे किंवा जमीन कडक आहे. आठवडाभर थांबा, मग निम्म्यावरून सुरू करा. एकाच बोटाएवढ्या जागी दाबल्यावर तीव्र दुखत असेल, रात्रीही ठणकत असेल, तर हाडाला सूक्ष्म चीर गेलेली असू शकते. डॉक्टरांना दाखवा. गुडघ्याच्या वाटीखाली दुखणे बहुतेक वेळा उंच उडी मारून ताठ पायावर उतरल्याने होते.

जमीन लाकडी किंवा रबरी सर्वांत चांगली. शहाबादी फरशी, टाइल्स आणि काँक्रीटवर चांगले बूट आणि पाच-सहा मिलिमीटरची रबरी चटई हवी. फार मऊ गादी नको, घोटा मुरगळतो. फ्लॅटमध्ये खालच्या मजल्यावर आवाज जातोच. गच्ची किंवा पार्किंग बरे.

२१. पाळीत किंवा बाळंतपणानंतर दोरी चालते का? गर्भाशय खाली सरकतं म्हणतात.

ही भीती चीनमधल्या बायकाही विचारतात. उड्यांनी निरोगी गर्भाशय खाली सरकत नाही. अंग खाली येण्याची मुख्य कारणे बाळंतपण, वय आणि कटितळाच्या, म्हणजे गर्भाशय व मूत्राशय खालून पेलणाऱ्या स्नायूंचा सैलपणा ही आहेत. पाळीत त्रास नसेल तर उड्या मारायला हरकत नाही.

बाळंतपणानंतर मात्र किमान तीन महिने थांबा आणि तपासणी करून घ्या. उडी मारताना लघवी सुटत असेल, ओटीपोटात जडपणा वाटत असेल, तर दोरी बंद ठेवून आधी कटितळाचे व्यायाम करा. हा त्रास सर्रास आढळतो आणि उपचारांनी पुष्कळ कमी होतो, तो लपवून उड्या मारत राहू नका. अंग खाली आल्याचे निदान आधीच झाले असेल, तर दोरी नकोच.

२२. मला गुडघेदुखी आहे आणि वजन जास्त आहे, पण दोरीच करायची आहे. काही मार्ग?

बीएमआय ३० च्या वर, गुडघ्याचा संधिवात, नियंत्रणात नसलेला रक्तदाब, हृदयविकार किंवा गरोदरपण असेल तर उड्या सुरू करू नका. तरीही दोरी हातात घ्यायची असेल, तर दोन्ही मुठी एका हातात धरून ती बाजूला फिरवा आणि प्रत्येक टकेला जागच्या जागी एक पाऊल टाका. दोन मिनिटे उजवीकडे, दोन डावीकडे, मग शरीरासमोर आडवा आठ काढत. खांदे-मनगटे चालतात, ताल येतो, आणि सांध्यांवर आघात पडत नाही. वजन उतरल्यावर आणि डॉक्टरांनी मोकळीक दिल्यावर प्रश्न १८ मधल्या पहिल्या आठवड्यापासून सुरू करा, आणि पहिला महिना फेऱ्या आठच्या जागी चार ठेवा.